खोली नंबर दोन

नेरुळ, चौथा मजला. रात्री साडेदहाला
हसुरामकाकांच्या डोक्यावर मी वायरी चिकटवते.
ही पेस्ट दोन दिवस केसांतून निघत नाही,
आधीच सांगितलेलं बरं.
"आमी होरीला डांबर लावतांव," ते म्हणतात,
"त्यापरीस बरा हाय."

दिवाळे गाव. वय बासष्ट. तक्रार: घोरणं.
खरी तक्रार काकूंनी वहीच्या पानावर लिहून दिलीय:
नातवाने मोबाईलवर पैसे पाठवायला शिकवलं,
चार वेळा.
चारही वेळा सकाळी पाटी कोरी.
जाळ्याच्या गाठी मात्र अंधारातही बांधतात.

दिवा मालवते. काचेपलीकडे माझा पडदा,
माझा चहा, माझं परीक्षेचं पुस्तक,
पान एकशे बारा. गेल्या गुरुवारपासून एकशे बारा.
दिवसभर मेंदूत अ‍ॅडिनोसिन साचतं म्हणे,
साचून साचून डोळ्यांवर बसतं.
चहा त्याच्या सीटवर आधीच रुमाल टाकून ठेवतो.
उभं राहतं बिचारं, उतरत नाही.

बारा चाळीस.
रेषांच्या गर्दीत एक चाती उमटते,
दोन्ही टोकांना निमुळती, पोटात जाड,
सेकंदभराची.
मग दुसरी.
दिवसाचं पिंजलेलं काहीतरी पिळलं जातंय,
सूत होतंय.
काय ते मला दिसत नाही. पडद्यावर दिसते फक्त चाती.

मग लाटा मोठ्या होतात, संथ.
अ‍ॅसिटिलकोलिन ओसरतं.
पुस्तकात याला दीड पान दिलंय,
दिवाळ्याच्या बायकांना एका वाक्यात कळेल:
भरती असताना खुबे वेचता येत नाहीत.
पाणी मागे हटलं पाहिजे,
चिखल उघडा पडला पाहिजे,
मग वाकायचं, टोपलीत टाकायचं, घरी न्यायचं.

आणि इथेच
श्वास थांबतो.
दहा सेकंद. वीस. अडतीस.
ऑक्सिजन एक्क्याऐंशी.
छाती धडपडते, घशात दार आदळतं,
मेंदू अर्धा उठतो, पाणी परत आत,
टोपली तिथेच.
काकांना यातलं काही कळत नाही.
मी नोंद करते: चौसष्टावी वेळ.

माझी नोंद कोण करतं?
नऊ वर्षं रात्रपाळी. सकाळी जुईनगरला
काळे पडदे ओढून झोपते तर शेजारचा मिक्सर.
विसरलेल्या गोष्टी: बँकेचा पिन,
जावेच्या मुलाचं बारसं,
दूध गॅसवर ठेवलेलं. दोनदा.
लोकांची झोप मी दशांश चिन्हापर्यंत मोजते.

अडीचला आत जाऊन मास्क लावते.
हवेचा दाब हळूहळू वाढवते,
घसा उघडा राहील इतका.
ते कुशीवर वळतात, काहीतरी पुटपुटतात,
आणि मग
लाटा येऊ लागतात, न मोडता,
एकामागून एक,
इतक्या की मी पुस्तक मिटते.

पाचला डोळे पापण्यांखाली धावू लागतात.
या वेळी मेंदू शरीराला बांधून ठेवतो,
स्वप्नात माणूस उठून चालू नये म्हणून.
तरी कॅमेऱ्यात दिसतं,
उजवा अंगठा हलतोय, तर्जनीवर,
वळसा, ओढ,
वळसा.
गाठ असेल. मोबाईल असेल.
अहवालात लिहायला रकाना नाही.

सहा चाळीस. घरून फोन.
"आई, सतरा साते एकशे एकोणीस!"
रात्री मी निघताना याच आकड्यावर
तन्मयी रडून झोपली होती.
कोणी शिकवलं गं?
"कोणी नाही. उठले तर आलं."
मी म्हणते, शाब्बास.
मग मनात गुणून बघते. दहा सेकंद लागतात.

काका डोक्याला रुमाल बांधून खाली उतरलेत.
टपरीवर चहा घेतलाय, मोबाईल काढलाय,
चौकोनी खुणेसमोर धरलाय.
चहावाला वाट बघतोय.
बोट पडद्याच्या वर थांबलंय.
बसस्टॉपवरून मीही बघतेय,
सांगायला जात नाही.
माझी बस आली तरी
बोट अजून तिथेच,
पण खाली येतंय.